परदेशात बिअर घेताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : दहा दिवसांत चार शहरं आहेत. विमानतळावर आणि हॉटेलात जगभर मिळणारी तीच पातळ लागर (गार तापमानात आंबवलेली, बहुधा फिकट बिअर) मिळते. नव्या शहरात उतरल्यावर चांगली बिअर शोधायची सुरुवात कुठून करायची?

उत्तर : ‘सगळ्यात चांगला ब्रँड कोणता’ हे विचारू नका. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. जवळपास काय बनतं? ते पिंप नळाला कधी लावलं? आणि त्या जागी ते किती झपाट्याने खपतं? चाळीस नळांच्या पण रिकाम्या बारपेक्षा सहा नळांचा भरलेला पब केव्हाही चांगला, कारण चाळीसपैकी पंचवीस पिंपं आठवडेच्या आठवडे तशीच पडून असू शकतात.

नकाशावर शोधताना तिथल्या भाषेतला शब्द टाका. जर्मनीत ‘ब्राउहाउस’ किंवा ‘ब्राउएराय’ आणि चेक प्रजासत्ताकात ‘पिवोवार’ म्हणजे बिअर बनते ती जागा. चेक ‘होस्पोदा’ म्हणजे साधा पब. इंग्रजीत शोधलंत की पर्यटकांच्या चौकातली ठिकाणं आधी दिसतात. अनटॅप्डसारखं ॲप वापरत असाल, तर सरासरी गुणांवर विसंबू नका. तिथे कडक स्टाउट (काळसर बिअर) आणि गढूळ आयपीएला (कडवट, सुगंधी बिअर) भरभरून गुण मिळतात, तर उत्तम साधी लागर मागे पडते. त्या ठिकाणी काल-परवा लोकांनी काय प्यायलं, ते पाहा.

पहिली ऑर्डर सर्वांत लहान मापाची द्या. अमेरिकेतल्या ब्रुअरीत चार-पाच लहान पेल्यांचा ‘फ्लाइट’ मिळतो. इंग्लंडमध्ये अर्धा किंवा एक तृतीयांश पाइंट मागता येतो. मापांची नावं फसवी असतात, हेही ध्यानात ठेवा : ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा, अमेरिकन ४७३ चा.

प्रश्न : नळाची बिअर कधी लोण्यासारखी लागते, कधी आंबट. ती खराब आहे की तिथली चवच तशी, हे कसं ओळखावं?

उत्तर : चव घेण्याआधी ग्लास पाहा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील, तर काचेवर साबणाचा किंवा तेलकटपणाचा अंश आहे. ग्लास स्वच्छ असेल, तर बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाची जाळी काचेवर मागे राहते. ग्लासच घाणेरडा दिसला, तर नळाच्या नळ्याही नीट धुतल्या जात नसतील, असं आम्ही गृहीत धरतो.

या नळ्या दर दोन आठवड्यांनी क्षार-द्रावणाने धुवाव्या लागतात. तसं झालं नाही की आत जिवाणूंचा थर बसतो. त्यातून लोण्यासारखा किंवा बटरस्कॉचसारखा वास येतो, त्यामागचं द्रव्य डायअसिटिल. व्हिनेगरची झाक आली, तर हवा आणि अॅसेटिक जिवाणू आत शिरले आहेत. भिजलेल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे ऑक्सिजनने जुनी झालेली बिअर. हिरव्या सफरचंदाचा वास बहुधा अपुऱ्या आंबवणीचा, आणि उकडलेल्या मक्याचा वास माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) गंधकयुक्त द्रव्याचा.

आता अपवाद, कारण घोटाळा इथेच होतो. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास यायलाच हवा, तो त्या यीस्टचा आहे. बाम्बर्गच्या राउखबिअरला धुराची चव असते, कारण तिचं माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेलं असतं. ब्रसेल्सची लॅम्बिक आंबट असायलाच हवी. चेक पिल्सनरमध्ये आणि काही इंग्लिश एलमध्ये (लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेल्या बिअरमध्ये) लोण्याची पुसटशी छटा चालते. मग ठरवायचं कसं? त्या प्रकारात ती चव अपेक्षित आहे का, एवढंच बारवाल्याला विचारा. साध्या फिकट लागरला व्हिनेगरचा वास येत असेल, तर वाद न घालता ग्लास परत द्या.

प्रश्न : दुकानातल्या बाटलीवरची तारीख कशी वाचायची? हिरवी बाटली चांगली की तपकिरी?

उत्तर : तारीख भरल्याची आहे की मुदतीची, ते आधी ठरवा. अमेरिकेतल्या लहान ब्रुअरी बहुधा भरल्याची तारीख छापतात, आणि तिथे महिना आधी, दिवस नंतर. कधी फक्त तीन आकडी संख्या असते, तो वर्षातला कितवा दिवस ते सांगतो. युरोपात मुदत छापतात. जर्मन बाटलीवर ‘मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस’ म्हणजे ‘किमान अमुक तारखेपर्यंत टिकेल’. लागरची ही मुदत साधारण सहा महिने ते वर्षभराची असते. तीच बिअर दोन-तीन बाटल्यांत मिळत असेल, तर सर्वांत लांबची तारीख असलेली उचला.

हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) सुगंधावर उभी असलेली आयपीए तीन महिन्यांच्या आत प्यावी. तोवर तिच्यातला फळांचा वास उडायला लागलेला असतो, नुसता कडवटपणा उरतो. नऊ-दहा टक्के मद्यार्काच्या गडद बेल्जियन बिअरला मात्र काही वर्षांची साठवण मानवते.

काचेचं म्हणाल, तर तपकिरी काच घातक प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारच थोडा, पारदर्शक जवळजवळ नाहीच. प्रकाशामुळे हॉप्समधल्या कडू द्रव्यांचं विघटन होऊन गंधकाचा उग्र, उबट वास येतो, आणि पारदर्शक बाटलीला उन्हात त्यासाठी काही मिनिटं पुरतात. म्हणून दुकानाच्या खिडकीतली किंवा ट्यूबलाइटखालच्या फळीवरची पुढची बाटली घेऊ नका, मागची घ्या. कॅन असेल, तर प्रकाशाचा प्रश्नच मिटतो. ‘कॅनमधली बिअर कमी दर्जाची’ ही समजूत जुनी झाली.

एक गोष्ट लेबलवर बारीक अक्षरात असते : बिअर कुठे बनली. परदेशी नावाची बिअर परवान्यावर जवळच्याच कारखान्यात बनलेली असू शकते. ती ताजी असेल, पण मूळ ठिकाणच्या चवीची खात्री नाही.

प्रश्न : प्रागमध्ये मेनूवर १०, ११, १२ असे अंश लिहिलेले असतात. ते मद्यार्काचे टक्के का? आणि कोलोनला वेटर न विचारताच ग्लास आणत राहतो म्हणे?

उत्तर : अंश म्हणजे मद्यार्क नाही. आंबवण्याआधी रसात विरघळलेल्या माल्टच्या साखरेचं आणि इतर अर्काचं ते वजनी प्रमाण आहे. १०° ची ‘देसीत्का’ सुमारे चार टक्के मद्यार्काची होते, १२° ची ‘द्वानात्स्त्का’ सुमारे पाच टक्क्यांची. पिल्झेन शहराची पिल्झनर उर्क्वेल बाराचीच असूनही ४.४ टक्के आहे, कारण तिच्यात थोडी साखर न आंबता उरते. ती गोडसर गोलाई तिथूनच येते. योसेफ ग्रोल यांनी ती पहिल्यांदा १८४२ मध्ये बनवली आणि आज जगात जिला पिल्सनर म्हणतात तिची सुरुवात तीच. शक्य असेल, तर ‘तांकोव्ना’ पाटीचा पब गाठा. तिथे पाश्चराइझ न केलेली बिअर टाक्यांत येते. पिल्झेनच्या ब्रुअरीच्या तळघरांतली लाकडी पिंपांतली गाळण न केलेली पिल्सनर त्याहूनही वरची.

फेस पाहून तक्रार करू नका, चेक लोक तो मुद्दाम देतात. ‘ह्लादिन्का’ म्हणजे तीन बोटं दाट फेस, नेहमीची पद्धत. ‘श्नित’मध्ये बिअर कमी, फेस जास्त. ‘म्लीको’ म्हणजे जवळजवळ सगळा फेस, तो गोडसर असतो आणि पटकन प्यायचा असतो. गाडी चालवणार असाल, तर लक्षात ठेवा की चेक प्रजासत्ताकात चालकाला शून्य मद्यार्काचा नियम आहे.

कोलोनबद्दल ऐकलंत ते खरं आहे. क्योल्श ही तिथली बिअर ०.२ लिटरच्या उभट ग्लासात येते, ती गार आणि फेसाळ असेपर्यंत संपावी म्हणून. वेटरला तिथे ‘क्योबेस’ म्हणतात. तो रिकाम्या ग्लासाच्या जागी भरलेला ठेवतो आणि तळाच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर रेघ मारतो. थांबायचं असेल, तर ती चकती ग्लासावर ठेवा. १९८६ च्या करारानुसार क्योल्श हे नाव कोलोन आणि परिसरातल्या बिअरपुरतंच आहे. फ्र्यु, पॅफगेन, माल्झम्युले या ठिकाणी ती ताजी मिळते. शेजारच्या ड्युसेलडॉर्फला जाल तेव्हा आल्टबिअर घ्या, युरिगे किंवा फ्युक्सशेनमध्ये. ती तांबूस आणि चांगलीच कडू.

सर्वांत भरवशाचा प्रदेश मात्र फ्रँकोनिया, म्हणजे बव्हेरियाचा उत्तर भाग, आणि हे आम्ही आग्रहाने सांगतो. छोट्या-छोट्या गावांत ब्रुअरी आहेत, गावातली बिअर गावातच संपते. बाम्बर्गच्या श्लेंकर्लात राउखबिअर प्या. पहिला ग्लास विचित्र वाटला, तरी दुसऱ्यापर्यंत थांबा. मार्स ब्रॉयमध्ये ‘अ ऊ’ मागा. गॅसचा दाब कमी ठेवलेली गढूळ लागर मिळेल, तिला ‘उंगेश्पुंडेट’ म्हणतात. पूर्वेला ओबरफाल्झमध्ये विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, फाल्केनबर्ग इथे ‘त्सॉयगल’ची पद्धत आहे. सामाईक भट्टीत बनलेली बिअर घरोघरी पाळीपाळीने विकतात, आणि ज्या घरी ती तयार आहे तिथे षट्कोनी तारा बाहेर लावलेला दिसतो. तारा दिसेल तिथे शिरा.

प्रश्न : बेल्जियममधल्या शेकडो नावांतून काय निवडावं?

उत्तर : शक्ती पाहून क्रम लावा, कारण मेनूवरची पहिली ओळच नऊ टक्क्यांची असू शकते. ऑर्व्हाल (६.२ टक्के) पासून सुरू करा. तिच्यात बाटलीत भरताना ब्रेटानोमायसीस यीस्ट घालतात, म्हणून महिन्यागणिक चव बदलते. भरल्याची तारीख बाटलीवर असते. ताजी असेल, तर हॉप्सची, जुनी असेल, तर कोरड्या, कातड्यासारख्या वासाची. त्यानंतर वेस्टमाल ट्रिपेल (९.५) आणि शेवटी रोशफोर १० (११.३). वेस्टव्हलेटरेन ही बिअर मठाकडून आधी नोंदणी करूनच घ्यावी लागते. पर्यटकांच्या दुकानात ती चढ्या दराने दिसते, तेवढी किंमत मोजण्याजोगं अंतर तिच्यात आणि रोशफोरमध्ये नाही.

आंबट बिअर आवडत असेल, तर ब्रसेल्सला मिदी स्टेशनजवळची कँटियाँ गाठा, १९०० पासूनची जागा. लॅम्बिक हवेतल्या यीस्टवर आंबते, म्हणून ती थंडीच्या मोसमातच शिजवतात. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकच्या मिश्रणाला ग्यूझ म्हणतात. लेबलवर ‘ओउडे’ असेल, तर ती गोड न केलेली, अस्सल.

प्रश्न : इंग्लंडमध्ये बिअर कोमट आणि गॅस उडालेली मिळाली. हे असंच असतं का?

उत्तर : कास्क एल, म्हणजे पिंपातच शेवटची आंबवण होणारी एल, ११ ते १३ अंश तापमानाला देतात. ती थंडगार नसते, पण कोमटही नसावी. गॅस बाहेरून भरत नाहीत, म्हणून बुडबुडे कमी असतात. तरी जिभेला हलकी चुणचुण लागली पाहिजे. अगदी मेलेली लागली, तर पिंप फार दिवस उघडं राहिलं असणार. असं पिंप साधारण तीन दिवसांत संपायला हवं. म्हणून आठ हँडपंपांच्या (बिअर हाताने ओढायच्या नळांच्या) ओस पडलेल्या पबपेक्षा दोन पंपांचा गजबजलेला पब निवडा. दारावर ‘कास्क मार्क’ या कास्क एलच्या दर्जाच्या चिन्हाची पाटी चांगली खूण आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेली कॅमरा ही संस्था दरवर्षी ‘गुड बिअर गाइड’ काढते, ते जवळ ठेवा. पंपावरची नावाची पट्टी उलटी फिरवलेली असेल, तर ती बिअर संपली आहे. ऑर्डर बारवर जाऊन द्यायची आणि आधी घोटभर चाखायला मागायची, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

प्रश्न : स्टॉकहोम-ऑस्लोत शनिवारी दुपारनंतर पोहोचणार. अडचण येईल का?

उत्तर : येईल. स्वीडनमध्ये किराणा दुकानात ३.५ टक्क्यांपर्यंतचीच बिअर. त्यावरची सिस्टेमबोलागेट या सरकारी दुकानात, जे शनिवारी दुपारी तीनपर्यंत बंद होतं आणि रविवारी उघडत नाही. तिथे वय २० पूर्ण लागतं, बारमध्ये १८. नॉर्वेत किराण्यात ४.७ टक्क्यांपर्यंत, पण विक्री इतर दिवशी रात्री आठला आणि शनिवारी सहाला थांबते, काही नगरपालिकांत त्याआधी. सरकारी दुकानातली बाटली बहुधा थंड नसते. घाई असेल, तर भांड्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून तिच्यात बाटली फिरवत राहा, पाव तासात प्यायजोगी होते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात, तर फुटते.

प्रश्न : उष्ण देशांत सगळीकडे एकच पातळ लागर. पर्याय?

उत्तर : ती गर्दीच्या दुकानातून कॅनमध्ये, फ्रिजमधली घ्या. तिच्यासाठी तेवढं पुरेसं. शिवाय स्टाउट शोधा, कारण ती उष्णता बरी सोसते. श्रीलंकेची लायन स्टाउट ८.८ टक्क्यांची, तर नायजेरिया आणि जमैकात बनणारी गिनेस फॉरेन एक्स्ट्रा ७.५ ची. हनोईत ‘बिया होई’ घ्या. हलकी, पाश्चराइझ न केलेली, रोजच्या रोज येणारी आणि त्याच दिवशी संपणारी.

प्रश्न : काही बाटल्या परत आणायच्या आहेत. सुरक्षित कशा आणाव्यात?

उत्तर : बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वर द्रव नेता येत नाही, म्हणून त्या मोठ्या बॅगेतच. २४ टक्क्यांखालच्या पेयांना विमान सुरक्षेच्या नियमात प्रमाणाची मर्यादा नाही. मर्यादा येते ती वजनाची आणि सीमाशुल्काची. अर्ध्या लिटरची काचेची बाटली भरून जवळजवळ नऊशे ग्रॅम भरते, तेवढ्याच कॅनचं वजन सव्वापाचशेच्या आसपास. उतरणार त्या देशाची मोफत मर्यादा आधी पाहा, कारण काही देश बिअर, वाइन आणि मद्य एकाच हिशेबात धरतात.

सामानाच्या कक्षात हवेचा दाब राखलेला असतो, बुचं उडत नाहीत. बाटल्या फुटतात त्या आदळून. प्रत्येक बाटली मोज्यात घाला, मग प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, आणि कडक बॅगेच्या मधोमध ठेवा. चारही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर कपडे हवेत. काचेला काच लागू देऊ नका. ब्रुअरीतून नळाची भरून घेतलेली मोठी बाटली, म्हणजे ग्राउलर, आणू नका. ती दोन-तीन दिवसांत उतरते. पोहोचल्यावर तळाशी यीस्ट असलेल्या बाटल्या दोन दिवस उभ्या ठेवा, गाळ बसू द्या, आणि ओतताना शेवटचा सेंटिमीटर बाटलीतच राहू द्या. आयपीए आधी उघडा, गडद आणि कडक बिअर अंधाऱ्या, थंड जागी मागे ठेवा.