सी मधला लूप मराठी अक्षरं का फोडतो

प्रश्न थोडक्यात असा: सी मध्ये ‘मराठी’ हा शब्द कॅरॅक्टर ॲरेत ठेवला. लांबी मोजणारं स्ट्रलेन १५ सांगतं. लूप लावून एकेक कॅरॅक्टर स्वतंत्र ओळीवर छापला की नुसती प्रश्नचिन्हं येतात. आणि ‘बाइट २२४ किंवा त्याहून मोठा असेल तर’ ही अट कधीच खरी होत नाही. स्ट्रिंग बिघडली आहे का?

स्ट्रिंग ठणठणीत आहे. सी मधला ‘कॅरॅक्टर’ म्हणजे एक बाइट, आणि देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं. ‘मराठी’त पाच चिन्हं आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. पाच त्रिक पंधरा. मेमरीत ते असं दिसतं:

म – २२४ १६४ १७४
र – २२४ १६४ १७६
ा – २२४ १६४ १९०
ठ – २२४ १६४ १६०
ी – २२४ १६५ १२८

देवनागरीचा मुख्य तक्ता २३०४ ते २४३१ असा १२८ कोड पॉइंटचा आहे; कोड पॉइंट म्हणजे युनिकोडने चिन्हाला दिलेला क्रमांक. म्हणून पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५, आणि फरक काय तो तिसऱ्यात. डीबगरमध्ये २२४-१६४, २२४-१६५ अशी रांग दिसली की समजायचं, डेटा नीट आला आहे, घोळ आपल्या कोडमध्ये आहे.

आता ती कधीच खरी न होणारी अट. इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरवर जीसीसी हा कंपायलर साधा कॅरॅक्टर टाइप चिन्हांकित (ऋण किंमतही घेणारा) धरतो, त्यामुळे २२४ चा होतो उणे ३२. उणे ३२ कशाला २२४ च्या वर जाईल? लिनक्स चालणाऱ्या एआरएम मशीनवर तोच टाइप अचिन्हांकित असतो, म्हणून हाच कोड रास्पबेरी पायवर मुकाट चालतो आणि लॅपटॉपवर फसतो. बाइट तपासायचे असतील तिथे पॉइंटर अनसाइन्ड कॅरॅक्टरचाच घ्या. इजअल्फा, इजस्पेस, टूअपर या कॅरॅक्टर तपासणाऱ्या-बदलणाऱ्या फंक्शनना ऋण किंमत देणं तर भाषेच्या नियमानुसारच अपरिभाषित आहे; आत बहुधा टेबल असतं आणि तुम्ही त्याच्या सुरुवातीच्या मागे वाचत असता.

आधी हे ठरवा की चालायचं आहे ते बाइटवर, कोड पॉइंटवर की अक्षरावर. तिन्ही लूप वेगळे आहेत. आणि निम्म्याहून जास्त कामांना डिकोडिंग लागतच नाही. स्वल्पविराम, टॅब किंवा नवी ओळ शोधायची असेल तर बाइटवर बिनधास्त चाला. यूटीएफ-८ मध्ये १२८ च्या खालचा बाइट कुठल्याही मोठ्या चिन्हाच्या पोटात येत नाही. शिफ्ट-जिस या जपानी एन्कोडिंगमध्ये ही सोय नाही: तिथे ‘ソ’ हे चिन्ह १३१ आणि ९२ असं साठवतात, आणि ९२ म्हणजे बॅकस्लॅश. फाइलचा पाथ तोडणारे किती प्रोग्राम त्यावर आपटले असतील! १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ची रचना केली ती हा त्रास टाळूनच.

कोड पॉइंट हवे असतील तर पहिल्या बाइटवरून लांबी ओळखायची. ० ते १२७ असेल तर एक बाइट, १९४ ते २२३ दोन, २२४ ते २३९ तीन, २४० ते २४४ चार. १२८ ते १९१ हे मधले बाइट, त्यांनी चिन्ह सुरू होत नाही. १९२, १९३ आणि २४५ पासून पुढचे सगळे वैध यूटीएफ-८ मध्ये कुठेच येत नाहीत. आयत्या कोडमध्ये फक्त वरचे बिट बघून लांबी काढलेली असते आणि हे शेवटचे बाइट खपून जातात, तिथे लक्ष ठेवा.

तीन बाइटचं गणित ‘क’वर करून बघू. बाइट २२४, १६४, १४९. पहिल्याला १५ ने अँड केलं की ०. दुसऱ्याला ६३ ने अँड केलं की ३६, तिसऱ्याला तसंच केलं की २१. पहिला १२ बिट डावीकडे, दुसरा ६ बिट, आणि तिघांना ऑर: ० + ३६ × ६४ + २१ = २३२५. हाच ‘क’चा कोड पॉइंट. दोन बाइटच्या चिन्हात पहिल्याला ३१ ने अँड करायचं, चारच्या चिन्हात ७ ने.

फंक्शनची सही अशी ठेवा: सुरुवातीचा पॉइंटर, शेवटचा पॉइंटर, आणि कोड पॉइंट ठेवायची जागा, परत द्यायचं ते किती बाइट खाल्ले. शेवटचा पॉइंटर टाळू नका. ‘२२४ आला, म्हणजे पुढचे दोन असणारच’ असं धरून वाचलं की अर्धवट तुटलेली स्ट्रिंग तुम्हाला बफरच्या बाहेर नेते. पुढचा प्रत्येक बाइट वाचण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: शेवट आला का, आणि बाइट १२८ ते १९१ मध्ये आहे का.

चूक सापडली तर कोड पॉइंट म्हणून ६५५३३ (‘इथे बिघाड आहे’ सांगणारं चिन्ह) द्या आणि फक्त एक बाइट पुढे सरका. शून्य सरकलात तर लूप जन्मभर तिथेच फिरतो. पहिल्या बाइटने सांगितलं म्हणून तीन सरकलात तर मधलं अवतरणचिन्ह किंवा स्ट्रिंग संपवणारा शून्यसुद्धा गिळला जातो, आणि हा नुसता दिसण्याचा दोष राहत नाही.

दुसऱ्या बाइटच्या चार खास अटीही घालाच. २२४ नंतर १६० ते १९१, २३७ नंतर १२८ ते १५९, २४० नंतर १४४ ते १९१, २४४ नंतर १२८ ते १४३. पहिली आणि तिसरी अट गरजेपेक्षा लांब लिहिलेली रूपं अडवते, दुसरी सरोगेट (यूटीएफ-१६ साठी राखून ठेवलेले कोड पॉइंट), चौथी कमाल मर्यादेपलीकडचे आकडे. दोन बाइटचं लांबवलेलं रूप १९२ आणि १९३ नाकारल्यामुळे आधीच अडतं. हे पुस्तकी वाटत असेल तर १९२ १७५ ही जोडी आळशी डिकोडरला देऊन बघा. उत्तर ४७ येतं, म्हणजे तिरकी रेघ. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस वेब सर्व्हरमध्ये याच वाटेने फोल्डरबाहेर पडता येत होतं, कारण पाथची तपासणी आधी व्हायची आणि डिकोडिंग नंतर.

स्वतः लिहायचं नसेल तर सी मध्ये एमबीआरटूडब्ल्यूसी आहे, बाइटवरून एकेक रुंद कॅरॅक्टर काढून देणारं फंक्शन. त्याआधी सेटलोकेल रिकाम्या स्ट्रिंगने बोलवा आणि स्टेटचा स्ट्रक्चर शून्याने भरा. या फंक्शनची परतीची किंमत अचिन्हांकित आहे, त्यामुळे ‘शून्यापेक्षा कमी’ ही अट कधी लागणारच नाही. उणे एकला साइज-टी मध्ये कास्ट करून तुलना करा. उणे दोन आलं तर चिन्ह अर्धवट आहे आणि खाल्लेले बाइट स्टेटने लक्षात ठेवले आहेत. पुढच्या वेळी फक्त नवे बाइट द्यायचे, जुने परत नाहीत. विंडोजवर रुंद कॅरॅक्टर १६ बिटांचा असतो, देवनागरी त्यात मावते, इमोजी नाही.

कापाकापी करताना जास्त माणसं पडतात. ‘महाराष्ट्र’ म्हणजे १० कोड पॉइंट, ३० बाइट. २० च्या बफरमध्ये एसएनप्रिंटएफने टाकलं तर १९ बाइट राहतात (विसावा शेवटच्या शून्याचा): ‘महाराष’ आणि त्यामागे एक अनाथ २२४. तो काढायला राहिलेला शेवटचा बाइट बघू नका, मूळ स्ट्रिंगमधला वगळलेला पहिला बाइट बघा. तो १२८ ते १९१ मध्ये असेपर्यंत कापायची जागा एकेकाने मागे घ्या. इथे १९ वरून १८ वर येऊन थांबते. फाइल तुकड्यांनी वाचतानाही हेच होतं: ४०९६ मध्ये तीनची १३६५ चिन्हं बसून एक बाइट उरतो. उरलेले जास्तीत जास्त तीन बाइट पुढच्या तुकड्याच्या आधी ठेवा.

स्ट्रिंगचे तुकडे करणाऱ्या स्ट्रटोकची गंमत वेगळीच. अभंग दंडावर तोडायचा म्हणून डिलिमिटर म्हणून ‘।’ दिलात, तर स्ट्रटोकला ते तीन सुटे बाइट दिसतात: २२४, १६५, १६४. आणि २२४ तर प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या तोंडाशी आहे! अख्ख्या अभंगाचा चुरा होतो. सलग तुकडा शोधणाऱ्या स्ट्रस्ट्रने शोधा आणि तीन बाइट पुढे जा.

पण ‘महाराष’ तरी बरोबर कुठे आहे? वाचणाऱ्याला ‘ष्ट्र’ हे एक अक्षर वाटतं. तिथे तिसरा लूप लागतो. निव्वळ देवनागरीपुरता नियम असा: पुढचा कोड पॉइंट २३०४–२३०७, २३६२–२३६४, २३६६–२३८३, २३८५–२३९१ किंवा २४०२–२४०३ मध्ये असेल, किंवा ८२०४–८२०५ (न दिसणारी तोडणारी-जोडणारी चिन्हं) असेल, तर तो आधीच्या अक्षराला चिकटतो. व्यंजन, म्हणजे २३२५–२३६१ किंवा २३९२–२३९९, चिकटतं ते फक्त लगेच आधी हलन्त २३८१ असेल तर; मध्ये जोडणारा ८२०५ चालेल, तोडणारा ८२०४ नाही. या हिशेबाने ‘महाराष्ट्र’ची चार अक्षरं होतात आणि १८ बाइटपेक्षा ‘महारा’वर, १५ वर, कापणं शहाणपणाचं ठरतं. आयसीयूसारखी युनिकोडची लायब्ररी वापरत असाल तर आवृत्ती बघा. युनिकोडच्या मूळ नियमांत जोडाक्षर एकसंध धरणं २०२३ च्या १५.१ मध्ये आलं, त्याआधी ‘क्ष’ दोन तुकड्यांत निघायचा.

८२०५ ला कचरा समजून गाळू नका. ‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतं: ऱ, हलन्त, य असं, किंवा र, हलन्त, ८२०५, य असं. पहिलं १५ बाइट, दुसरं १८. नॉर्मलायझेशनने, म्हणजे समान रूपं एक करण्याच्या युनिकोडच्या पद्धतीने, हे दोन एक होत नाहीत, त्यामुळे शोध आणि तुलनेआधी दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर स्वतः करावं लागतं. नुसता ८२०५ उडवलात तर डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो.

लूप झाला की हे चालवून बघा, आकडे बाइट, कोड पॉइंट, अक्षरं या क्रमाने: ‘मराठी’ १५, ५, ३. ‘क्षत्रिय’ २४, ८, ३. ‘दऱ्या’ एका रूपात १५, ५, २ आणि दुसऱ्यात १८, ६, २. बाइट २४० १५९ १५३ १४३ चा कोड पॉइंट १२८५९१ यायला हवा, तो जोडलेल्या हातांचा इमोजी आहे. १९२ १७५ वर दोन चुका, २३७ १६० १२८ वर तीन. आणि २२४ १६४ इतकंच देऊन ॲड्रेस सॅनिटायझर (बफरबाहेरचं वाचन पकडणारं साधन) चालू ठेवा. तो ओरडला तर शेवटच्या पॉइंटरची अट कुठेतरी राहिली आहे.