सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांनी मलेशियातल्या किनाबालू पार्कला जाताना काय काळजी घ्यावी? जंगल सेफ आहे का?

तुम्ही लिहिलंय की सह्याद्रीतले बरेच ट्रेक झालेत, आता बायकोसोबत बोर्नियोतल्या किनाबालू पार्कला जायचंय, आणि दोन प्रश्न आहेत, जंगलात साप-जळवांचा त्रास कितपत आणि शिखरापर्यंत जाणं सेफ आहे का. मी नोकरीनिमित्त काही वर्षं मलेशियात होतो आणि हा डोंगर माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सापांचं टेन्शन आधी डोक्यातून काढा. साप आहेत, पण तिथे माणसं अडचणीत येतात ती पाऊस, थंडी आणि उतरणीमुळे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. किनाबालूची चढाई जिथून सुरू होते ते टिम्पोहोन गेटच १,८६६ मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वात उंच टोक जिथे संपतं त्याच्याही वर तुमचं पहिलं पाऊल पडणार, आणि शिखर आहे ४,०९५ मीटरवर. पहिल्या दिवशी साधारण सहा किलोमीटर चढून पानालाबान या वरच्या मुक्कामाच्या जागी ३,२७२ मीटरवर मुक्काम, मग रात्री दोन-अडीचला उठून टॉर्चच्या उजेडात शिखराकडे, आणि त्याच दिवशी सगळं खाली. विषुववृत्ताजवळचं जंगल म्हणजे घामच येणार असं समजून लोक एक टीशर्ट आणि विंडचीटर घेऊन जातात, आणि पहाटे वर पारा शून्याच्या आसपास गेला की दात वाजायला लागतात.

थंडीपेक्षा जास्त जपायचं ते ओलेपणाला. दुपारनंतर पाऊस धरूनच चला, फेब्रुवारी ते एप्रिल त्यातल्या त्यात कोरडे महिने. पावसात भिजणं आपल्याला नवीन नाही, पण राजमाचीला भिजून खाली येऊन गरम चहा पिणं वेगळं आणि तीन हजार मीटरवर ओल्या कॉटनच्या कपड्यात बसणं वेगळं, तिथे अंग झपाट्याने गार पडतं. म्हणून रात्रीचे आणि पहाटेचे कपडे, मोजे, हातमोजे, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच सॅकमध्ये टाका, नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका. मुक्कामी पोचलात की गप्पा, फोटो सगळं नंतर, आधी अंगावरचं ओलं काढा.

वरचा शेवटचा टप्पा म्हणजे उघडा ग्रॅनाइटचा कातळ. झाडं खुजी होत होत संपतात आणि मग नुसता करडा तिरका कातळ, त्यावर जाडजूड पांढरा दोर टाकलेला. कोरडा असेल तर बुटाला मस्त ग्रिप मिळते. पाऊस झाला की त्याच कातळावरून पाण्याचे पाट वाहायला लागतात, दोर भिजून जड होतो आणि हात बधिर झालेले असतात. म्हणून जोराचा पाऊस असेल तर पहाटे वर सोडतच नाहीत, आणि शिखराच्या वाटेवरच्या सायात-सायात या चौकीवर ठराविक वेळेच्या आत पोचला नाहीत तर तिथूनच परत पाठवतात. एवढे पैसे भरलेत, एवढ्या लांबून आलोय, असं म्हणत लोक तिथे हुज्जत घालतात ते मला अजिबात पटत नाही. गाईड परत फिरा म्हणाला की फिरायचं.

गाईडशिवाय शिखरावर जाताच येत नाही, आणि ते चांगलंच आहे. त्यांना तिथे मालिम गुनुंग म्हणतात, बहुतेक जण डोंगराच्या पायथ्याच्या गावांतले दुसुन लोक. ५ जून २०१५ ला तिथे भूकंप झाला, दरडी कोसळून १८ माणसं गेली, त्यात गाईडही होते, आणि अडकलेल्या लोकांना खाली आणायला हेच लोक जिवावर उदार होऊन झटले. त्यांच्यासाठी हा डोंगर पूर्वजांच्या आत्म्यांचं ठिकाण आहे, त्यामुळे वर आरडाओरडा, स्पीकरवर गाणी, असलं काही करू नका. गाईडपासून लांबही जाऊ नका, माथ्यावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही.

उंचीचा त्रास हा मुद्दा आपल्याकडचे ट्रेकर हमखास सोडून देतात कारण सह्याद्रीत तो कधी होतच नाही. कोटा किनाबालू हे जवळचं शहर समुद्राकाठी आहे, तिथून पहाटे निघून दोन तासांत पार्क आणि संध्याकाळी ३,२७२ मीटर, हे शरीराला फार घाईचं होतं. आदल्या रात्री पार्कच्या हेडक्वार्टरजवळ राहा, तिथली उंचीच दीड हजारच्या वर आहे. डोकं ठणकतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर ते लपवू नका, गाईडला सांगा. वाढत गेलं तर औषध एकच, खाली उतरणं. गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

उतरताना मात्र गुडघ्यांची खरी परीक्षा. एका दिवसात दोन हजार मीटरपेक्षा जास्त उतरायचं, तेही उंचच उंच, ओल्या पायऱ्यांवरून. काठ्या घ्याच, आणि तयारीला नुसतं चढायचा सराव करू नका, जिने उतरायचाही करा. बूट घासलेले नकोत. गाईड लोक साधे काळे रबरी बूट घालून झपाझप उतरतात, त्यांच्या तळव्याची नक्षी बघा म्हणजे कळेल.

आता जळवा. शिखराच्या वाटेवर विशेष नाहीत, खालच्या रानात, पोरिंगच्या गरम झऱ्यांकडे, धबधब्याच्या वाटेवर भेटतात. लांब मोजे, पँट मोज्यात खोचलेली, आणि चावलीच तर नखाने तोंडाजवळून सरकवून काढा. डोंगराच्या वरच्या भागात मात्र एक हातभर लांब लाल जळू असते, बघून घाबराल, पण ती मोठी गांडुळं खाते, माणसाच्या वाटेला जात नाही.

बायकोला शिखर नको असेल तर हेडक्वार्टरच्या आजूबाजूच्या जंगलवाटा सुंदर आहेत, लिवागू नदीच्या काठाची खास. मॉस, ऑर्किड, नशीब असेल तर घटपर्णी. मुळं आणि शेवाळ यामुळे निसरडं असतं, नदीला पाणी चढताना दिसलं की काठ सोडून वर या, आणि निघताना गेटवर कोणती वाट घेताय ते सांगून जा. या पार्कला २००० साली जागतिक वारसा उगाच मिळालेला नाही, घाईघाईत शिखर उरकून परत येऊ नका.

बुकिंग काही महिने आधी करा, पानालाबानच्या खाटा मोजक्याच असतात. शाकाहारी असाल तर आधीच कळवा, आणि सोबत चिक्की, खजूर ठेवा.

आणि एक फार महत्त्वाचं. साबामध्ये, म्हणजे किनाबालू ज्या राज्यात आहे तिथे, माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा मलेरिया आहे, नोलेसाय म्हणतात त्याला, आणि तो लवकर बिघडतो. संध्याकाळी जंगलाच्या कडेला असाल तर पूर्ण बाह्या आणि डासांचं क्रीम लावा. परत आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर व्हायरल असेल म्हणून घरी बसू नका, लगेच रक्त तपासा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की बोर्नियोच्या जंगलात जाऊन आलोय, कारण आपल्याकडे या प्रकाराचा कोणी पटकन विचार करत नाही.