सेल्फ टॅपिंग आणि सेल्फ ड्रिलिंग स्क्रूमध्ये फरक काय? 2 मि.मी.च्या चौकोनी पाइपवर रंगीत पत्रे बसवायचे आहेत, त्याला कोणता लावू? आधी भोक पाडावं लागतं का?

टोक बघा. अणकुचीदार किंवा नुसतं बोथट असेल तर सेल्फ टॅपिंग, टोकाला ड्रिलच्या बिटासारखी खाच असेल तर सेल्फ ड्रिलिंग. आटे दोघेही स्वतःच पाडतात, म्हणून मागे नट लागत नाही. पण सेल्फ टॅपिंगला भोक आधी पाडून द्यावं लागतं. सेल्फ ड्रिलिंग तेही काम करतो.

तुमच्या शेडला सेल्फ ड्रिलिंगच घ्या: 12 नंबर (5.5 मि.मी. जाड), षटकोनी डोक्याचा, खाली ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणाऱ्या) रबराचा वॉशर असलेला. पत्र्याच्या उंचवट्यावर मारणार असाल तर उंचवट्याच्या उंचीत किमान 20 मि.मी. मिळवून लांबी ठरवा, 30 मि.मी.चा उंचवटा असेल तर 55 मि.मी.चा स्क्रू बरोबर बसतो. आपल्याकडच्या पावसात छपराला उंचवट्यावरच मारलेलं बरं, खोलगट भागातून पाणी वाहत असतं. भिंतीच्या पत्र्याला मात्र खोलगट भागात मारा, पकड चांगली येते.

टोकालाही नंबर असतो, आणि तो कुणी विचारत नाही. 3 नंबरचं टोक साधारण 5 मि.मी. लोखंडापर्यंत चालतं, 5 नंबरचं 12 मि.मी.पर्यंत. तुमच्या 2 मि.मी.च्या पाइपला 3 नंबर पुरे. जाड लोखंडाला आखूड टोकाचा स्क्रू लावला तर आरपार भोक व्हायच्या आधीच आटे पकडू लागतात. आटे एका फेऱ्यात दीडेक मिलिमीटर पुढे ओढतात, टोक तेवढ्या वेगाने लोखंड कापू शकत नाही, आणि स्क्रू मानेत तुटतो. हे स्क्रू वरून कडक केलेले असतात. वाकत नाहीत, सरळ तुटतात.

ड्रिल मशीन हॅमरवर (ठोके मारत फिरणाऱ्या सेटिंगवर) ठेवू नका. वेगही फार नको, 12 नंबरला 1800 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आत. जास्त वेगाने टोक तापून निळं पडतं, बोथट होतं, मग कितीही दाबा, जागच्या जागी फिरत राहतं. मशीनला क्लच (ठरावीक जोर लागला की फिरणं थांबवणारी सोय) असेल तर वापरा. रबर वॉशरच्या कडेपर्यंत किंचित फुगलं की थांबायचं. बाहेर पिळून आलं तर उन्हात लवकर फाटतं आणि गळती तिथूनच सुरू होते. स्क्रू तिरका गेला तरी तेच. पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढा, नाहीतर पहिल्या पावसात रंगीत पत्र्यावर तपकिरी ठिपके दिसतील.

समुद्राजवळ असाल तर साधा झिंकवाला स्क्रू टिकत नाही. ‘स्टेनलेस’ म्हणून 410 ग्रेडचा गळ्यात मारतात, तोही गंजतो. 304 ग्रेडचा मागा, ज्याचं फक्त टोक साध्या पोलादाचं असतं. डोक्याला चुंबक लावा. जोरात चिकटलं तर 304 नाही.

सेल्फ टॅपिंग कुठे? डक्ट, कूलरची बॉडी, पॅनेलची झाकणं, प्लॅस्टिकचे भाग. 8 नंबरला (4.2 मि.मी.) 1 मि.मी. पत्र्यात सुमारे 3.2 मि.मी.चं भोक, 2 मि.मी. पत्र्यात 3.5 मि.मी.चं. भोक मोठं झालं तर आटे मरतात, लहान झालं तर स्क्रू तुटतो. आटे मेलेच तर एक नंबर जाडा स्क्रू टाका.

सारखं उघडावं लागणारं झाकण किंवा हादरे बसणारा जोड असेल तर यातला कुठलाच नको, नट-बोल्ट लावा. आणि प्लॅस्टिकमध्ये जुना स्क्रू परत बसवताना आधी हाताने हळू उलटा फिरवा. ‘टक्’ करून जुन्या आट्यात पडला की मग आवळा. सरळ आवळला तर तो शेजारी नवे आटे कापतो आणि दोन-तीन वेळांत भोक निकामी होतं.