स्टोक रोमध्ये घर बघताय? आधी विहिरीपाशी जा

नोकरी इंग्लंडमधल्या रेडिंगला लागतेय, पण मुलांना घेऊन शहरात राहण्याऐवजी जवळच्या स्टोक रो गावात घर बघावं का, आणि त्या गावात आहे तरी काय, असं तुम्ही विचारलंय. मी याच भागात राहतो आणि या गावावर माझा जीव आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गाव ऑक्सफर्डशरमध्ये, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर. खाली सगळा खडूचा मऊ दगड. पडलेला पाऊस थेट खोल झिरपतो, त्यामुळे नदी नाही, ओढा नाही. पूर्वी लोकांची भिस्त डबक्यांवर, आणि कोरड्या उन्हाळ्यात तीही आटायची. जवळच्याच इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात कंपनी सरकारचे अधिकारी होते. घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून एका पोराला आईने बदडलं, ही आपल्या मुलखातली गोष्ट त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना सांगितली. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि स्वखर्चाने इथे विहीर खणवली. १८६३ मध्ये काम सुरू झालं, १८६४ मध्ये ती गावाला खुली झाली. खोली ३६८ फूट, म्हणजे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या उंचीपेक्षा थोडी जास्तच. रुंदी जेमतेम ४ फूट, आणि सगळी हाताने खणलेली! आत उतरलेल्या त्या माणसांचा विचार आला की अंगावर काटा येतो. वर घुमट आहे, रहाटावर सोनेरी हत्ती. शेजारी चेरीची बाग लावली होती, तिच्या उत्पन्नातून देखभाल व्हावी म्हणून. पाणी गावाला फुकट. नळ आल्यावर विहीर मागे पडली, पण गावाने ती जपली आहे. मुलांना पहिल्यांदा इथेच न्या.

बाकी गारगोटीच्या भिंतींचं एकोणिसाव्या शतकातलं चर्च, जुने पब, आणि चहूकडे बीच नावाच्या झाडांचं रान. याच रानांत कारागीर खुर्च्यांचे पाय कातून हाय विकम शहरातल्या खुर्च्यांच्या कारखान्यांना पुरवायचे.

आता व्यवहाराचं. गाडीशिवाय इथे निभाव लागणार नाही, दोघांनाही लायसन्स हवं. प्राथमिक शाळा गावात आहे, पण प्रवेशाचा अर्ज ऑक्सफर्डशर काउंटीकडे करायचा, रेडिंगकडे नाही. माध्यमिकसाठी मुलांना गावाबाहेर जावं लागेल. घर बघताना ते गरम ठेवायला गॅसची लाइन आहे की तेलाची टाकी, आणि सांडपाणी कुठे जातं, हे आधी विचारा. आणि सही करण्यापूर्वी जानेवारीतल्या एखाद्या संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या वेळी, रेडिंगहून तिथवर स्वतः गाडी चालवून बघा. रस्ते अरुंद आहेत आणि दिवे जवळपास नाहीतच.