बातम्या आणि रिॲलिटी शो नव्याने पाहू लागलेल्यांसाठी
चालू घडामोडींची सवय लावून घेताना वाहिनीवरील रात्रीच्या चर्चेपासून आरंभ करू नका. पुण्यातलीच एखादी जवळची बातमी निवडा. खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडल्याचे वाचले, तर विसर्गाचा क्युसेकमधील (म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, याचा) आकडा कोणी दिला, किती वाजताचा दिला आणि जलसंपदा विभागाच्या निवेदनाशी तो जुळतो का, हे दोन वृत्तपत्रांत ताडून पाहा, कारण पावसाळ्यात विसर्ग काही तासांत बदलतो आणि जुना आकडा मात्र मोबाइलवर फिरत राहतो. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ एवढ्याच आधारावर उभी असलेली बातमी, दुजोरा मिळेपर्यंत, मी कोणालाही पुढे पाठवत नाही.

रिॲलिटी शोकडेही याच नजरेने पाहा. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या ‘बिग ब्रदर’च्या धर्तीवरचा ‘बिग बॉस मराठी’ २०१८ मध्ये आला. एका घरात राहणाऱ्या स्पर्धकांच्या दिवसभराच्या चित्रणातून कापून काढलेला एक भाग आपल्यासमोर येतो. त्यात स्पर्धकाचा संताप दिसतो, पण त्याला चिथावणारे आधीचे बोलणे वगळलेले असू शकते. म्हणून समाजमाध्यमांवरील तुकड्यांवरून कोणाला दोषी ठरवू नका, पूर्ण भाग पाहा, आणि स्पर्धकाच्या घरच्यांना दूषणे देणाऱ्यांत तर कधीही सामील होऊ नका.