जुन्या गाडीच्या रंगावरचे पाण्याचे डाग

प्रश्न : १९८६ची पद्मिनी आहे, गडद निळी. रंग बहुधा मूळचाच. सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने धुतो. बॉनेट आणि छतावर पांढरी कडी उठली आहेत, शाम्पूने जात नाहीत. पेंटर म्हणतो, रबिंग (रंग घासणारी पेस्ट) मारून देतो. मारू द्यावं का? (पुणे)

अजून नको. आपल्याकडच्या काळ्या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं असतात. थेंब उन्हात वाळला की पाणी उडतं आणि न विरघळणारं कार्बोनेट मागे राहतं, तेही थेंबाच्या काठाशी जास्त. म्हणून डाग कड्यासारखा दिसतो. हा थर रंगाच्या वर बसलेला असेल (स्वच्छ बोट फिरवलं की बारीक उंचवटा लागतो), तर तो आम्लात विरघळतो, रंग घासायचं कारणच उरत नाही. आधी रबिंग मारलं तर ते खरखरीत कण पॅडखाली फिरतात आणि डागासोबत ओरखडे पदरात पडतात.

गाडी सावलीत घ्या. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. शाम्पूने धुऊन घ्या. किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर समान प्रमाणात मिसळा. आधी डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. रंग मंद पडला तर तिथेच थांबा. ठीक असेल तर मायक्रोफायबरचं कापड भिजवून डागावर नुसतं ठेवा, अर्धा ते एक मिनिट. चोळू नका, वाळू देऊ नका. उचलून लगेच भरपूर पाण्याने धुवा. एका वेळी फूटभर चौरसच घ्या. डाग फिकट होत असेल तर दोन-तीनदा करा. शेवटी लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुसून घ्या आणि डिस्टिल्ड वॉटरने धुऊन कोरडं करा.

ॲल्युमिनियमच्या बीडिंगवर (शोभेच्या पट्ट्यांवर) आणि रंग उडून पत्रा उघडा पडलाय तिथे व्हिनेगर जाऊ देऊ नका. मेटॅलिक रंगावर क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) नसेल तर आम्ल लावूच नका, रंगातले ॲल्युमिनियमचे कण काळवंडतात. बाथरूमच्या टाइल्सचं ॲसिड कितीही पातळ केलं तरी नको. क्रोम जातं आणि फटीतून आत शिरून गंज धरतो. व्हिनेगरने तसूभरही न हलणारा डाग बहुधा सिलिकाचा असतो, तो पॉलिशनेच कमी होईल.

प्रश्न : अँबेसेडर दोनदा रंगवलेली आहे. व्हिनेगरने पांढरेपणा गेला, पण तिरप्या उजेडात कड्यांच्या जागी खळगे दिसतात. वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) मारू का? (नागपूर)

आता डाग रंगावर नाही, रंगात आहे. खळगा घालवायचा म्हणजे आजूबाजूचा रंग त्याच्या तळापर्यंत उतरवायचा, म्हणून आधी शिल्लक किती आहे ते पाहा. जाडी मोजायचा गेज प्रत्येक पॅनेलवर आठ-दहा ठिकाणी लावा. कारखान्यातून निघालेल्या रंगाची प्रायमरसकट जाडी साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असते. तुमच्याकडे २५० दिसलं तरी हुरळून जाऊ नका. त्यात खालचे जुने थर आणि दोन्ही वेळचे प्रायमर आहेत. वरचा रंग त्यातला थोडासाच. आकडा हजाराच्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे.

मग रंग कोणता ते ओळखा. झाकलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने थिनर लावा. रंग चटकन सुटून आला तर डुको, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारा जुन्या पद्धतीचा लॅकर आहे. डुको उष्णतेने मऊ पडतो, त्यामुळे रोटरी मशिन (नुसतं गोल फिरून तापवणारं) त्यावर चालवू नका आणि पॉलिशचं तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलही वापरू नका. शाम्पूचं पाणी पुरेसं आहे.

सुरुवात सगळ्यात सौम्य फिनिशिंग पॉलिशने करा. मऊ फोम पॅड, ड्युअल ॲक्शन मशिन (फिरता फिरता हेलकावणारं, कमी तापवणारं), वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, दीड फूट चौरस जागा, चार ते सहा फेऱ्या. पुसून टॉर्च तिरपा धरून पाहा. फरक नसेल तरच मध्यम पॉलिश घ्या. बॉनेटच्या घडीवर आणि कडांवर मास्किंग टेप लावा; तिथे रंग सर्वांत पातळ असतो आणि प्रायमर आधी तिथेच उघडा पडतो.

३००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, एखाद्या ठळक खळग्यापुरता, सपाट जागीच. अख्ख्या बॉनेटवर नको. बहुतेक खळगे पुसट झाले, दोन-चार राहिले, तर राहू द्यावेत हे आमचं स्पष्ट मत आहे. चाळीस वर्षांच्या गाडीवरचा घासून गेलेला रंग परत आणता येत नाही, आणि नवा मारला की ती आणखी एकदा रंगवलेली गाडी होते.

प्रश्न : पॉलिश करताना कापड लाल होतंय. रंग निघतोय का? (कोल्हापूर)

हो, पण घाबरण्यासारखं नाही. क्लिअर कोट नसलेल्या रंगाचं तसंच होतं, सुरुवातीला निघतो तो ऑक्सिडेशन झालेला मेलेला थर. असा कोरडा रंग आधी तेलकट ग्लेझने, उदाहरणार्थ मेग्वायर्सच्या नंबर सातने, भिजवून रात्रभर ठेवा. सकाळी पुसून मगच पॉलिश करा. पॅड लवकर भरतं, तेव्हा दोन-तीन जास्तीची हाताशी ठेवा.

प्रश्न : पावसाळाभर कव्हर घालून ठेवली. काढल्यावर छतावर बारीक फोड दिसले. हेही पाण्याचेच डाग का? (रत्नागिरी)

पाण्याचेच, पण खालून आलेले. ओल्या कव्हरखाली ओल रंगातून आत झिरपली आणि थराखाली साठली. पॉलिश मारलंत तर फोडांचे माथे कापले जातील. कव्हर काढून गाडी काही आठवडे कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. काही फोड बसतात. न बसलेला एखादा फोडून पाहा. खाली गंज असेल तर तेवढा भाग पत्र्यापर्यंत साफ करून रंगवण्याला पर्याय नाही.

प्रश्न : डाग नकोत म्हणून आरओ मशिनचं वाया जाणारं पाणी वापरतो. चालेल ना? (संभाजीनगर)

अजिबात नाही. त्या नळीतून बाहेर पडतात ते मशिनने गाळून वेगळे केलेले क्षारच, मूळ पाण्यापेक्षा घट्ट. लादी पुसायला वापरा. सॉफ्टनरचं पाणी बरं, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कमी होत नाही, डागही पडतात, पण साध्या ओल्या कापडाने निघतात. गाडी नेहमीच्या पाण्याने धुवा, शेवटचं पाणी तेवढं पाच लिटर डिस्टिल्ड वॉटरचं घाला आणि वाळायची वाट न पाहता पुसा. आरसे, दाराची हँडलं आणि बीडिंगच्या फटी ब्लोअरने उडवा, नाहीतर गाडी बाहेर काढल्यावर तिथूनच ओघळ येतात.