कॉन्ट्रॅक्टर काम अर्धवट टाकून गेला, आता लगेच दुसरा लावू का?

ताई, तुमचा मेसेज नीट वाचला. बाथरूमचं काम दिलं, कॉन्ट्रॅक्टरने 70 टक्के पैसे आधीच घेतले, टाइल्स फोडल्या, निम्मं प्लंबिंग केलं आणि गेला तो गेलाच. फोन उचललाच तर "पुढच्या आठवड्यात येतो", आणि आता खालच्या घराच्या स्लॅबमधून पाणी टपकतंय. लेखी करार नाही, एक पानी कोटेशन आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं एवढंच हातात आहे. दुसरा माणूस उद्यापासून यायला तयार आहे, त्याला लावू का, पोलिसात जाऊ का, आणि हाही तसाच निघणार नाही हे कसं ओळखू, असं विचारलंय.

दुसरा लावा, पण त्याने हातोडी उचलायच्या आधी आहे ती परिस्थिती कागदावर आणा. नव्या माणसाने काम सुरू केलं की पहिल्याने काय केलं आणि काय नाही हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, मग पहिला खुशाल म्हणणार की मी 70 टक्के काम केलं होतं. म्हणून ज्याचा या दोघांशी काही संबंध नाही असा सिव्हिल इंजिनिअर बोलवा, झालेल्या कामाचं मोजमाप, त्याची किंमत आणि गळतीचं कारण असा सहीचा रिपोर्ट घ्या, तारखेसकट फोटो आणि व्हिडिओ काढा, खालच्या घरातलेही. पहिल्याला मेसेज टाका की अमुक दिवशी पाहणी आहे, हजर राहा. नाही आला तर तो मेसेजच तुमच्या कामी येईल.

गळती मात्र ताबडतोब थांबवा, त्यासाठी कुणाची वाट बघू नका. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 73 मध्ये नुकसानभरपाई आहे, पण नुकसान कमी करायला तुमच्या हातात काय होतं हेही त्यात बघितलं जातं, त्यामुळे महिनाभर पाणी गळू दिलं तर त्या वाढलेल्या नुकसानीचे पैसे मागणं अवघड होईल. खालचे लोक तुम्हालाच जबाबदार धरणार, साहजिक आहे, त्यांच्या दुरुस्तीची बिलं जपा, तो खर्च पुढे कॉन्ट्रॅक्टरकडून मागता येतो.

मग नोटीस. तुम्ही फोनवर मुदत वाढवत गेलात, त्यामुळे आता एकदा लेखी शेवटची तारीख द्यायला हवी: दहा दिवसांत काम पूर्ण करा, नाहीतर करार संपला, जास्तीचे पैसे परत आणि दुसऱ्याकडून काम करून घ्यायला जादा लागतील तेही तुमच्याकडून. गळतीचं काम लगेच करून घेतोय हेही त्यातच लिहा. नोटीस पाठवायला पत्ता लागतो आणि तुमच्याकडे फक्त मोबाईल नंबर आहे, ही गोष्ट तर मला दर दुसऱ्या केसमध्ये दिसते. कोटेशनवर जीएसटी नंबर असेल तर जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, नोंदणीचा पत्ता मिळतो. पैसे ऑनलाइन दिलेत ते बरं केलंत, नाव आणि खातं तरी कळतं.

करार लेखी नाही म्हणून घाबरू नका, तोंडी करारही चालतो, फक्त सिद्ध करावा लागतो. चॅट डिलीट करू नका आणि फोन इतक्यात बदलू नका.

पोलिसांचं म्हणाल तर अर्ज द्या हवा तर, पण फार आशा ठेवू नका. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी (भारतीय न्याय संहितेचं कलम 318) सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दिसायला लागतं आणि याने तर थोडं का होईना काम केलंय, त्यामुळे ते "हे सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवतील, आणि खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकणारही नाही. तुमची खरी जागा जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे आपण अजून ज्याला ग्राहक मंच म्हणतो तो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही (हे मी स्वतः वकील असून सांगतेय). निकालाला कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, कधी कधी तेवढ्यानेही माणूस फोन उचलायला लागतो.

आता नवा माणूस. "ओळखीचा आहे" यावर जाऊ नका, पहिलाही ओळखीतूनच आला होता असं तुम्हीच लिहिलंय. त्याने महिन्यापूर्वी केलेलं चकाचक बाथरूम बघून काही कळत नाही, वर्ष दोन वर्षं वापरात असलेलं बघा आणि खालच्या घरात ओल आलीय का ते विचारा. वॉटरप्रूफिंग तो स्वतः करतो की दुसऱ्याला देतो ते विचारा, दुसऱ्याला देत असेल तरी जबाबदारी याचीच असं लिहून घ्या. कोटेशनमध्ये "बाथरूम पूर्ण" असा एकच आकडा चालवून घेऊ नका, तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, राबिट उचलणं, प्रत्येकाचं माप, रेट आणि मटेरियलचा ब्रँड वेगळा हवा, आणि एक्स्ट्रा काम मेसेजवर मंजुरी दिल्याशिवाय धरणार नाही हेही हवं.

पैसे नेहमी कामाच्या मागे राहू द्या. सुरुवातीला मटेरियलपुरतेच द्या, मग एकेक टप्पा पूर्ण झाला की त्याचे, आणि वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून ठेवून खाली ओल येत नाही हे बघितल्याशिवाय टाइल्स लावू देऊ नका आणि त्या टप्प्याचा हप्ताही सोडू नका. शेवटचे 10 टक्के काम संपल्यावर महिनाभराने द्यायचे, असं आधीच ठरवा. यातलं पैशाचं गणित तो थोडंफार घासाघीस करेल, त्यात काही वावगं नाही, त्यालाही मजुरांना आठवड्याला पैसे द्यायचे असतात. पण नाव, पत्ता आणि सही द्यायलाच का-कू करत असेल तर त्याला काम देऊ नका, मग रेट कितीही कमी असो.

इंजिनिअरचा रिपोर्ट आला की तो, कोटेशन आणि पैसे दिल्याच्या नोंदी एकत्र पाठवा, नोटिशीचा मसुदा त्यावरून करता येईल.